वर्षाच्या आत

‘देवबाग’ रात्री बार असतो आणि रविवारी सकाळी घावण्यांचं घर. डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. छताला मासेमारीचं जाळं टांगलेलं, भिंतीवर समुद्र रंगवलेला. रंगवणाऱ्याने तो बहुधा कॅलेंडरवरच पाहिला असावा. पण हेमाकाकूंच्या हातचे घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं खाल्लं, की माणूस त्या भिंतीलाही माफ करतो. अक्षदा दर रविवारी उशिरा उठून तेवढ्यासाठीच यायची. आई-बाबा खडवलीला, नोकरी ठाण्याला आणि राहायला इथे, तीन मैत्रिणींबरोबर. रविवारी तिला दुसरं कोण गरम वाढणार होतं?

दसऱ्यानंतरचा रविवार. पाऊस संपला होता, तरी आभाळ निवळायचं नाव घेत नव्हतं. तिने पहिला घास घेतला आणि समोर कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक उंच मुलगा येऊन उभा राहिला.

“तुम्ही... सोनल?”

“नाही,” घास सांभाळत ती म्हणाली. “व्हायला हवं होतं का?”

“सॉरी हां. फोटोत असेच केस होते.” तो ओशाळला. “बघायला आलोय. म्हणजे... मुलगी.”

“मग घाबरलेले तुम्ही का दिसताय?”

तो हसला — अगदी थोडंसं, हसायची सवय मोडल्यासारखं. तेवढ्यात खरी सोनल काकांबरोबर आली, त्याचे मामाही आले आणि मंडळी शेजारच्या टेबलावर बसली. बोलत होते मामाच. मुलगा नुसता सोलकढीत चमचा फिरवत होता. सगळे गेल्यावर बिल द्यायला तो मागे राहिला, तेव्हा अक्षदाला राहवलं नाही.

“जमलं?”

“तिला पुण्यात राहायचंय.”

“आणि तुम्हाला?”

“मला...” त्याने विचार केला. “मला काय हवंय ते मला कोणी विचारलेलंच नाही अजून.”

त्याचं नाव सर्वेश. पुढच्या रविवारी दुसरी मुलगी, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरी. मामांना ‘देवबाग’ आवडलं होतं, त्यामुळे कार्यक्रम इथेच. सर्वेश मात्र अर्धा तास आधी यायला लागला, आणि थेट अक्षदाच्या टेबलावर. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

“गेल्या वेळच्या फोटोतली येतेय ना आज?” ती विचारायची. “शर्ट तरी बदल. प्रत्येकीला तोच.”

“तुला माझे शर्ट पाठ झालेत?”

ती सांबाऱ्यात बघायची. कान गरम व्हायचे... आणि बाहेर मामांची रिक्षा थांबायची.

दिवाळीनंतर एकदा तिने विचारलं, “एवढी घाई कसली रे?”

त्याने पाण्याचा पेला बाजूला ठेवला. “गेल्या मार्गशीर्षात बाबा गेले. वर्षाच्या आत लग्न झालं तर झालं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं आहे आमच्यात. आईला टेन्शन, तीन वर्षांत तिचंच काही झालं तर?”

“बाबा कसे होते?”

तो हळूहळू बोलू लागला. “मोहने गावात, रेयॉनच्या कारखान्यात होते. जेवताना बोलायचे नाहीत. पण स्वतःच्या ताटातली माशाची तुकडी गुपचूप माझ्या ताटात सरकवायचे. आणि वर आईला म्हणायचे, पोरगा बारीक होतोय, तू वाढत नाहीस.” तो हसला आणि त्याचे डोळे भरले. “तेराव्यानंतर घरात त्यांचं नावच कोणी काढलं नाही. नुसत्या पत्रिका येत राहिल्या.”

अक्षदाने त्याच्या हातावर हात ठेवला. आपण या मुलाच्या प्रेमात पडलोय, हे तिला तेव्हाच कळून चुकलं. मामांची रिक्षा आली, हात सुटला.

तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी मामा नव्हते, मुलगीही नव्हती.

“पुढच्या आठवड्यात वर्षाच्या आतला शेवटचा मुहूर्त आहे,” सर्वेश म्हणाला. “अक्षदा... तू हो म्हणालीस तर?”

हो म्हणायला ती किती आतुर होती! पण दुसरंच तोंडातून गेलं. “मुहूर्ताला मुलगी हवीय म्हणून विचारतोयस, की मी हवीय म्हणून?”

“दोन्ही,” तो म्हणाला. खोटं त्याला जमायचं नाही.

“तू अजून नीट रडला पण नाहीयेस रे. घरात सनई वाजेल आणि बाबांची आठवण काढायची तुला चोरी होईल. तसं लग्न मला नको.”

“तीन वर्षं, अक्षदा. कोण थांबतं?”

तो उठला. त्याचं ताट तसंच राहिलं.

पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कल्याण-डोंबिवलीत लग्नांची नुसती धूम होती. प्रत्येक वरातीतल्या नवरदेवाकडे ती चोरून बघायची आणि स्वतःवरच चिडायची.

“तो झील येवक नाय गो?” हेमाकाकूंनी विचारलं.

“लग्न झालं असेल त्याचं,” ती म्हणाली, आणि घावण्याला चवच लागेना.

मार्गशीर्षातल्या एका करड्या सकाळी, केमिकल कंपन्यांचा वास हवेत साचलेला असताना, तो दारात दिसला. डोक्यावरचे केस काढलेले. अक्षदाची नजर आधी त्याच्या हातांवर गेली. हळद नव्हती, अंगठी नव्हती.

“काल वर्षश्राद्ध झालं,” समोर बसत तो म्हणाला.

“आणि... लग्न?”

“नाही केलं. मामाला सांगून टाकलेलं मी. मामा बोलत नाही आता. आई पण बोलत नव्हती. पण काल बाबांचं पान वाढताना मला रडू फुटलं, आणि मग तिला. वर्षभरात पहिल्यांदाच आम्ही दोघं एकत्र रडलो.”

“सर्वेश...”

“आता मुहूर्त नाही, घाई नाही. तीन वर्षं मला कोणी मुलगी दाखवणार नाही. आता विचारलं तर फक्त तू हवीयेस म्हणून.” “पण थांब म्हणायचा हक्क नाही मला. तुझ्या घरचे गप्प बसणार नाहीत.”

“नाहीच बसणार. बाबांनी दोन स्थळं काढून ठेवलीत.”

“मग?”

अक्षदाला खडवलीचं घर आठवलं, आईचा चेहरा, रोजची कटकट, एकेक करून लग्न होऊन निघून जाणाऱ्या मैत्रिणी.

“थांबेन मी,” ती म्हणाली. आणि तिला रडू आलं, कारण तीन वर्षं खरोखरच फार असतात, आणि ती खरं बोलत होती.