बंद साचेखात्यातली घरघर

मिलला कुलूप तुम्ही लावलंत. त्यावर लाखेचं सीलही तुम्हीच ठोकलंत. मग आत रोज दुपारी काय घरघरत होतं, ते फक्त तुम्हालाच कसं ऐकू आलं नाही, साहेब?

इंदूरच्या त्या चाळीत तर सगळ्यांना ऐकू यायचं! लूच्या झळा सुटल्या, गल्ली ओस पडली, की बंद मिलमधून घर्रर्र सुरू! भिंतीवरून काळा धूर चढायचा. "मेलेले कामगार साचे चालवतायत गं बाई!" म्हणत चाळीतल्या द्वारकाबाई खिडकी लावून घ्यायच्या.

आणि त्याच चाळीतल्या धम्मदीनाचे विणकर बाबा? ते खाकी पँट चढवून डबा मागायचे. "ड्यूटी लागली! साचे शाबूत आहेत ना, मग मिल उघडणारच!" गेटपर्यंत जायचे आणि तिथे धरणं धरलेल्या कामगारांत उभे राहायचे. झोपेतही त्यांचे हात हलायचे. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, गोंगाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून विणकर हातांनी बोलत. दोन बोटं फाकवली की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की मुकादम आला.

"साचा खटाक् खटाक् करतो. हे तर सलग घुरघुरतंय," धम्मदीना म्हणाली.

"भूत मॉडर्न असेल!" तिचा धाकटा भाऊ संबोधी म्हणाला.

"अबे, हे डिझेल इंजिन आहे!" त्यांचा मित्र मुकुल हवा हुंगत म्हणाला. सुट्टीभर तो मल्हारगंजात काकांच्या गॅरेजमध्येच पडलेला असायचा. "चलते हो क्या, भिया?"

तिघं नाल्याच्या मोरीतून आत घुसले. साचेखात्यात जाळी लोंबत होती. साच्यांवर अर्धं विणलेलं कापड तसंच होतं. संबोधीने बहिणीचा हात घट्ट धरला. पण पुढच्या रांगा... रिकाम्या! जमिनीत नुसती बोल्टांची भोकं!

आणि तिथे एक पिकअप उभी होती, बॉनेट उघडं.

"डिझेल पंपाचं सील तोडून स्क्रू खोललाय, सेठजी!" मोहन नावाचा मिस्त्री भंगारवाल्या सेठला सांगत होता. "डिझेल जास्त जाईल, गाडी दुप्पट लोखंड ओढेल. पण हवाही तेवढीच लागते हां! म्हणून मोठा फिल्टर बसवलाय."

"आणि हा आवाज?"

"लोग भूत समझते हैं!"

दोघं खदाखदा हसले. ताडपत्रीखाली साच्यांच्या फ्रेमा होत्या, सांवेर रोडच्या भट्टीत वितळायला निघालेल्या.

साचेच गेले, तर मिल उघडणार कशी? बाबांना काय सांगायचं?

मिस्त्रीने इंजिन चालूच ठेवलं आणि दोघं मागे दोर आवळायला गेले. त्या गर्जनेत कानाशी ओरडलेलंही कळत नव्हतं. धम्मदीनाने हातांनी सांगितलं, 'तू वर, पहारा!' संबोधी साच्यावर चढला. मुकुलने फिल्टरचं तोंड दाखवलं. दोघांनी जमिनीवरचा जुना कापूस उचलून आत सैलसर भरला. तेवढ्यात संबोधीने नसलेल्या मिशीला पीळ दिला. मुकादम आला! धम्मदीनाने मुकुलची कॉलर ओढली आणि दोघं साच्याखाली!

मिस्त्रीने न बघताच बॉनेट आपटलं. पिकअप मागच्या फाटकातून निघाली. पोरं मोरीतून बाहेर पळाली. मोठ्या गेटजवळ सेठजीने ॲक्सिलरेटरवर जोर दिला, इंजिनने कापूस गच्च ओढला आणि खों खों करत, काळा धूर ओकत गाडी बंद पडली. अगदी धरण्याच्या मंडपासमोर!

"भूत पकडलं! भूत पकडलं!" संबोधी किंचाळला.

कामगारांनी गाडी घेरली, ताडपत्री फाडली.

"शाब्बास रे पोरांनो!" पाठीवर थापा पडू लागल्या. द्वारकाबाईंनी शेवेचा पुडा आणला. "मी म्हणतच होते, भूतबित काही नाही!"

बाबा मात्र एका फ्रेमपाशी थांबले. तिला त्यांनीच कधीतरी बांधलेली निळी चिंधी होती.  त्यांनी दोन बोटं फाकवली.

सील असताना गाडी बाहेर आली कशी, ते बघायला धम्मदीना धावत मागच्या फाटकाशी गेली. तिथे चिटपाखरू नव्हतं. कुलूप बंद! वर लाखेचं सील अखंड, शिक्का ठसठशीत. तिने अंगठा टेकवला आणि झटकन मागे घेतला. लाख अजून चटका देण्याइतकी गरम होती.

तो शिक्का तुमच्याच टेबलाच्या खणात असतो ना, साहेब? मग गाडी बाहेर पडल्यावर तो इथे मारला कोणी? धम्मदीना भाजलेला अंगठा दाखवून विचारतेय. उत्तर द्या!