ओळख विसरणारं यंत्र

कीबोर्डच्या फटीत कुंकू.

जिनिंगच्या फाटकापासून पार रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या.

राजीनाम्याचा कागद. मजकूर तयार, सही बाकी.

पडद्याच्या कोपऱ्यात चार इंग्रजी अक्षरं, खाली आकडे.

१९९४, जिंतूर. खासगी गुप्तहेर मनकर्णा परभणीहून पोचली तेव्हा हे सगळं तिथं होतं. सोबत तिचे मदतनीस तात्याराव.

"काल उद्घाटन केलं, तवापासून बिघडलंय," जिनिंगचे चेअरमन आबासाहेब म्हणाले. "शेतकऱ्याचं नाव टाकलं की पुढच्या पडद्यावर यंत्र पुन्यांदा इचारतंय, तुमी कोण? खरेदी बंद! प्रोग्राम रंगनाथचा. विद्यापीठाच्या नामविस्तारापासून ही पोरं लय चढलीत. संध्याकाळी राजीनाम्यावर सही घेतो अन् हाकलतो."

बोलताबोलता त्यांनी चहाची चिठ्ठी लिहिली. वर श्री, खाली चहा.

रंगनाथ ओसरीत उभा होता.

"यंत्र शेतकऱ्याला ओळखतं कसं?" मनकर्णानं विचारलं.

"पैल्या उत्तरासोबत नंबर देतंय. उत्तराच्या माथ्याला, हेडरमधी. तो कुणाला दिसत न्हाई. टर्मिनल ठेवून घेतंय अन् पुढच्या येळी परत दाखवतंय."

"आणि मजकूर?"

"माथ्यानंतर. फाईलीत प्रोग्रामच्या खुणांबाहेर लिहाल ते जसंच्या तसं पडद्यावर जातंय."

"मग उघडून बघ ना."

"यंत्राची किल्ली काढून घेतली, ताई. सही केली तर पुन्हा कॉम्प्युटरपुढं कोण बसवंल मला?"

ऑपरेटर केशरबाई आधीच रडवेली. "साहेब म्हणले, प्रोग्रामची पैली फाईल उघड. उघडली. त्यांनी कुंकू लावलं, बटणं दाबली, फोटो निघाला. बंद करताना यंत्रानं इचारलं, जतन करू का? मी हो म्हणलं."

"हिनंच केलं!" तात्याराव कुजबुजले.

"तात्या, चहा घ्या."

मनकर्णानं सगळ्यांना पडद्यापुढं उभं केलं.

"हे आकडे म्हणजे तो नंबर. तो दिसायलाच नको होता. दिसतोय, म्हणजे माथ्याला न जाता मजकुरात घुसलाय."

"का पण?" तात्याराव.

"कारण त्याच्याआधी दुसरंच काही बाहेर पडलं. मजकुराचं पहिलं अक्षर गेलं की माथा बंद. टर्मिनलला नंबर मिळत नाही, म्हणून यंत्र पुन्हा विचारतं." तिनं कोपऱ्यावर बोट ठेवलं. "एस, एच, आर, आय. चहाच्या चिठ्ठीवरसुद्धा आधी श्री कोण काढतं, आबासाहेब?"

आबासाहेबांनी टोपी काढली. "कोऱ्या जागेवर आमी आधी... शुभ काम व्हतं."

किल्ली परत मिळाली. रंगनाथनं श्रीची ओळ पुसली. पहिल्या शेतकऱ्याचा दुसरा पडदा विनातक्रार उघडला. आबासाहेबांनी राजीनामा फाडला. माफी मागितली नाही.

उद्घाटनाच्या वेळी रंगनाथ बाहेर पायऱ्यांवर उभा होता. त्याला आत बोलावलं नव्हतं.