अकरावं दार

मनगटावर टपकन लाल थेंब पडला आणि ती किंचाळली. घाबरायची तिला इतकी सवय होती की आधी घाबरून घेई, कारण मागाहून शोधी.

"रंग आहे हो, कुणाचा जीव नाही गेला," शिडीवरून आवाज आला. "पुसू नका... शोभतोय."

कारखाना रंगांचा, पण दारं रंगवायला पेंटर बाहेरून आणावा लागला होता. तपासणी आठवड्यावर आली होती आणि थिनर-रेझिनच्या दहा खोल्यांवर 'धोका' लिहून घ्या, असं साहेबांनी फर्मावलं होतं. शब्द चिठ्ठीवर लिहून द्यायचं काम आलं स्टोअरकीपरकडे. म्हणजे तिच्याकडे.

आता, या स्टोअरकीपरबाईंना चार अक्षरं वाचायची म्हटलं की घाम फुटतो, हे कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. डोळे ठणठणीत, डोकं तल्लख. पण अक्षरं तिच्यासमोर एका जागी बसायला तयार नसत. शाळेत तिला 'ढ' म्हणत. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी 'डिस्लेक्सिया' म्हटलं. शब्द लांबला, घाम तेवढाच राहिला.

नोकरी तिने नाक, दोरे आणि ताई यांच्या जोरावर टिकवली होती. थिनरच्या ड्रमला हिरवा दोरा, रेझिनच्या ड्रमला पिवळा. परिपत्रक आलं की फोटो थोरल्या बहिणीला. ताई ते वाचून आवाजात पाठवी आणि ही ते कानात घालून पाठ करी. कारखान्याचं एकमत होतं, की पोरीचं कुठंतरी जमलंय. तिला मात्र रोज सकाळी फाटकातून शिरताना एकच वाटे — आज कळणार. आज सगळ्यांना कळणार आणि आज आपल्याला घरी पाठवणार.

पेंटरने चिठ्ठी बघून पहिलं दार रंगवलं आणि विचारलं, "असंच ना?"

तिने दाराकडे पाहिलं. लाल, हातभर उंच अक्षरं. अक्षरं हलली, नेहमीसारखी.

"असंच," ती ठामपणे म्हणाली. भित्र्या माणसाइतकं ठाम कुणी बोलत नाही.

मग रोज दोन दारं होऊ लागली. ड्रम मोजायला ती नेमकी त्याच बोळात का जाई, हे ड्रमांनाही कळेना.

"कोण बोलतं हो एवढं कानात?" त्याने तिसऱ्या दिवशी विचारलं.

"ताई."

"सगळ्या ताईच म्हणतात."

"तुम्हाला दादा म्हणू का मग?"

"नको! शिडीवरून पडेन..."

शिडीच्या दांड्यावर त्याने आपला मोबाईल नंबरही रंगवला होता. धंद्याची जाहिरात, दुसरं काय!

पाच दिवसांत दहा दारं झाली. सहाव्या सकाळी तो झाडू ठेवायच्या खोलीचं दार रंगवत होता. तिने सहज, कौतुकाने, दारांचा एक फोटो ताईला धाडला. उलट आवाज आला —

"अगं, हे 'घोका' काय आहे? काय घोका? चिठ्ठी तू दिलीस का? अगं, ध ऐवजी घ झालाय!"

तिचे हातपाय गार पडले. दहा दारं. उद्या तपासणी. ती शिडीपाशी धावली, तोंड उघडलं... आणि बोळाच्या टोकाला साहेबांचे बूट वाजले.

साहेब पहिल्या दाराशी थांबले. दुसऱ्या दाराशी थांबले. तिसऱ्यापाशी त्यांनी चष्मा पुसला.

"घोका?" ते म्हणाले. "काय घोका? पाढे?"

पेंटर सावकाश शिडीवरून उतरला. तिच्याकडे त्याने एकदाच पाहिलं, आणि चिठ्ठी खिशात आणखी खोल ढकलली.

"माझी चूक, साहेब. हात घसरला."

"दहा वेळा?"

"सवयीचा हात आहे."

"उद्यापासून हा हात या फाटकात दिसायला नको!"

गप्प राहिली असती तर सुटली असती. चार वर्षांची भीती कानात ओरडत होती: गप्प बस. तो नुसता खाली बघत ब्रश पुसत होता. पुसलेलाच ब्रश, पुन्हा पुन्हा.

"साहेब... चिठ्ठी माझी आहे." तिचा आवाज फाटला. "मला घ आणि ध सारखेच दिसतात. सगळंच हलतं. मला डिस्लेक्सिया आहे. मी... मला वाचता येत नाही नीट."

साहेबांनी चष्मा काढला.

"मग चार वर्षं स्टोअर कसं चालवलंस?"

"घोकून," ती म्हणाली.

साहेबांनी दारांकडे पाहिलं. मग एकदम विचारलं, "सात नंबरात डावीकडे काय?"

"थिनरचे सहा ड्रम, हिरवा दोरा. पाचव्याचं झाकण बदलायचंय, वास येतो."

साहेब स्वतः आत गेले, वास घेऊन आले. शिंकले.

"तुझ्याआधीचा एम.ए. होता. महिन्याला एक ड्रम चुकवायचा." ते पेंटरकडे वळले. "घ चा ध कर. आणि शेजारी कवटी काढ, सगळ्यांना कळेल अशी."

"थिनरला कवटी नाही, साहेब," ती पुटपुटली. "ज्वाळा लागते."

"मग उभी राहून करून घे! आणि यापुढे चिठ्ठ्या नकोत. तोंडी सांगायचं, मलाही."

बूट दूर गेले. ती पेंटरकडे वळली.

"चूक दिसली नाही तुम्हाला?" तिने विचारलं.

"रंगवताना लक्ष दारावर कुठं होतं?"

संध्याकाळपर्यंत दहा दारांवर ज्वाळा पेटल्या. झाडूच्या खोलीवर मात्र 'घोका' तसंच होतं.

"इथं कसला धोका? हे दार रंगवलंतच कशाला?"

"एक सकाळ कमी पडत होती." तो शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होता, उगाचच. "आणि हे असंच राहू दे. आता माझा नंबर सांगतो... घोका."

तिचे हातपाय पुन्हा गार पडले.

"नको," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला.

"नको म्हणजे... सांगायला नको." तिने डोळे मिटले आणि दहाच्या दहा आकडे एका दमात म्हटले. "शिडीचा फोटो पहिल्याच दिवशी ताईला पाठवला होता."

पेंटरने शिडी घट्ट धरली.