दुखलं तर हात वर करा

"दुखलं तर डावा हात वर करा," असं भिंतीला बजावून त्यानं ड्रिल सुरू केलं.

ती दारात उभी होती, काखेत आईच्या जुन्या चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन. आधी तिला वाटलं, आपण चुकीच्या पत्त्यावर आलोय. मग ड्रिल थांबलं, त्या माणसानं भोकात फुंकर मारली, टॉर्च लावून आत डोकावून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. तेव्हा तर तिची खात्रीच झाली.

"भिंत काही म्हणाली का?" तिनं विचारलं.

तो दचकला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"सवय आहे हो... मी डेंटिस्ट आहे. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी दवाखाना बंद असतो, तेव्हा इथे."

"आणि आजवर एखाद्या भिंतीनं हात वर केलाय?"

"अजून तरी नाही. पण विचारायला काय जातं?"

ती हसली. हसताना चादर सुटली आणि चित्र अर्धं बाहेर आलं. त्यानं ते पटकन खालून धरलं, तिनं वरून धरलं आणि दोघंही क्षणभर तसेच उभे राहिले – मधे एक जिना. चित्रातला. ती फक्त जिनेच काढायची. दिवसभर रंगाच्या दुकानात लोकांच्या हॉलसाठी आणि बेडरूमसाठी रंग कालवायची आणि घरी येऊन जिने रंगवायची. का, ते तिलाही माहीत नव्हतं. आई म्हणायची, "एखाद्या जिन्यावर कुणी चढताना तरी दाखव गं. सगळे वर जाऊन बसलेत की काय?"

ती जागा म्हणजे पूर्वीचं चपला-बुटांचं दुकान. मालकानं धंदा गुंडाळला आणि चार हौशी लोकांना चित्रांची प्रदर्शनं भरवायला किल्ली दिली. त्या चौघांचे पुढे पंधरा-वीस झाले. पगार कुणालाच नव्हता, त्यामुळे प्रत्येकजण जीव तोडून काम करायचा. दुकानाच्या भिंतींना खाली, घोट्याच्या उंचीला, बूट घालून बघायचे आरसे होते. ते काढले तर सोबत भिंतही निघून येईल म्हणून कुणी काढले नाहीत. प्रेक्षकाला वर चित्र दिसायचं आणि खाली स्वतःची पादत्राणं. गावातले लोक प्रदर्शनाला बुटांना पॉलिश करून यायला लागले, एवढा कलेचा परिणाम झाला. एक आजोबा तर प्रत्येक उद्घाटनाला यायचे, कारण दुकान बंद पडण्याआधी त्यांनी एक बूट सैल करायला दिला होता. "मिळाला का माझा?" असं विचारायचे, "नाही हो" ऐकायचे, चहा प्यायचे आणि सगळी चित्रं बारकाईनं बघून जायचे.

सगळ्यांवर हेडबाई. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळेला तसं कळवलं होतं, स्वतःला नाही. मीटिंगमध्ये हजेरी घ्यायच्या. त्यांचा एक कडक नियम होता : चित्र कसं आहे, हे कामावरच्या माणसानं चित्रकाराला सांगायचं नाही. एकदा कुणीतरी एका चित्राला "वा!" म्हटलं होतं, तर बाकीचे चित्रकार आपापली चित्रं काढून रिक्षानं घरी गेले होते.

म्हणून त्या पहिल्या दिवशी जिना भिंतीवर चढल्यावर तिनं विचारलं, "कसं वाटलं?" तेव्हा डॉक्टर बराच वेळ चित्राकडे बघत राहिला, मग तिच्याकडे – जरा जास्तच वेळ – आणि शेवटी चौकटीवर पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी ठेवून म्हणाला,

"सरळ आहे."

इतका सुंदर आवाज इतक्या रटाळ वाक्यावर वाया गेलेला तिनं कधी ऐकला नव्हता.

तिनं त्याच दुपारी स्वयंसेवकांत नाव घातलं. कलेच्या सेवेसाठी, असं घरी सांगितलं.

दुसऱ्या प्रदर्शनाच्या वेळी भांडण झालं. तिनं आपल्याच इमारतीचा जिना काढला होता. ती इमारत एका अंगाला कललेली, म्हणून चित्रातला जिनाही कललेला. डॉक्टरनं बुडबुड्याची पट्टी ठेवली ती चौकटीवर नाही, चित्रातल्या पायरीवर. पायरी अगदी पाण्याच्या पातळीत आणून ठेवली. चौकट मात्र कोसळत्या फलकासारखी लटकली होती आणि लोक माना वाकड्या करून कौतुक करत होते.

"माझ्या चित्राला मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही!" ती सगळ्यांदेखत ओरडली. "पुन्हा कधीच नाही! कळलं?"

"कळलं," तो म्हणाला.

दहाच मिनिटांत तिचा राग गेला. चहा होईपर्यंत ती "तुम्ही"वरून "तू"वर आली होती आणि त्याला 'पायरीवाला' म्हणून चिडवत होती. चहा संपेपर्यंत आपण काय ओरडलो ते विसरूनही गेली.

तो विसरला नाही.

त्यानंतर बाकीच्यांची चित्रं तो स्वतः टांगायचा. तिची टांगायची वेळ आली की खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एक डोळा मिटून उभा राहायचा.

"डावीकडनं वर... अजून जरा... आता श्वास सोडू नकोस."

"इथे येऊन स्वतः कर ना! आळशी कुठला."

"इथूनच बरं दिसतं."

"काय? चित्र?"

"...चित्रही."

ती पाठमोरी असायची म्हणून बरं. रंग कालवणाऱ्या बाईच्या गालांना नेमकी कुठली छटा आलीय, हे तिलाही सांगता आलं नसतं.

खरी मजा प्रदर्शन संपल्यावर यायची. चित्रं उतरली की भिंतीत भोकं उरत. दोघं पुट्टीचा डबा घेऊन शेजारी-शेजारी बसायची. "घाई केलीस तर आत पोकळ राहतं," तो शिकवायचा. "आधी भोक साफ. मग तळापासून भरत यायचं. शेवटी अंगठा." त्याच्या अंगठ्याच्या नखात कायम पांढरं असायचं. बाहेर पावसाची रिपरिप चाललेली, दुकानात ओल्या चुन्याचा वास आणि आरशात दोन जोड चपला – पहिल्या महिन्यात हातभर लांब, नंतर वीतभर, नंतर मधून मुंगीनंही वळसा घालावा इतक्या जवळ. वरच्या दोन माणसांना मात्र याची काहीच कल्पना नव्हती. म्हणजे, तसं ती दोघं दाखवायची.

आणि मग दूरच्या एका कलाशाळेतून तिला बोलावणं आलं. दोन वर्षं शिकवायचं, राहायला खोली, रंगवायला मोठ्ठा स्टुडिओ. पुढचं प्रदर्शन उघडल्यावर येणाऱ्या सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं.

तिनं पुट्टी भरता-भरता त्याला सांगितलं.

"छानच की," तो म्हणाला आणि आधीच भरलेलं भोक पुन्हा भरलं. मग तेच तिसऱ्यांदा.

"एवढंच?"

"मग... काय म्हणू?"

'जाऊ नकोस' म्हण, गाढवा. पण हे ती कसं सांगणार? सांगून म्हणवून घेतलेलं 'जाऊ नकोस' काय कामाचं? त्यापेक्षा तिनं एक योजना आखली. तिला ती फार सोपी वाटली. तोंड उघडून दोन शब्द बोलण्यापेक्षा तर नक्कीच.

तिनं जिने सोडून पहिल्यांदाच दुसरं काही रंगवलं. दोन हात. भिंतीकडे उचललेले, बोटांत बुडबुड्याची पट्टी, अंगठ्याच्या नखात पांढरी पुट्टी. आणि ते चित्र तिनं स्वतः, मुद्दाम, तिरकं टांगलं. चांगलं ढळढळीत तिरकं. एक स्क्रू वर, एक खाली. हा माणूस हॉटेलात समोरचं कॅलेंडर वाकडं असेल तर घास गिळत नाही. तो येणार, राहवणार नाही, हात लावणार. हात लावला की आपल्याच हातांवर आपलेच हात बघणार. एवढं झाल्यावर डेंटिस्टलासुद्धा कळेल. मग ती पुढे होऊन सांगणार होती, की राहते मी... तू म्हणालास तर.

उद्घाटनाच्या दुपारी ती कपबशांच्या आडोशाला लपली. तिथून चित्र दिसत नव्हतं, फक्त त्याच्या खालचा आरसा दिसत होता. त्याचे तपकिरी बूट आरशात आले. थांबले. एकदम जवळ गेले. मग टाचा हळूच उचलल्या गेल्या... हात वर जाताना माणूस चवड्यांवर येतो तशा. तिनं श्वास रोखला. टाचा तशाच होत्या. पाणी उकळून गेलं. आजोबांचा एकुलता एक बूट मधून जाऊन आला.

आणि टाचा खाली आल्या. बूट वळले आणि आरशातून निघून गेले.

ती धावत बाहेर आली. चित्र होतं तसंच तिरकं होतं. तो दाराशी पोहोचला होता आणि नेमक्या मधे हेडबाई उभ्या होत्या.

"कसं... वाटलं?" तिनं विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. बाईंकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. 'सरळ आहे' म्हणायची तर सोयच नव्हती.

"तिरकं आहे," तो म्हणाला.

"आणि?"

"आणि... तुला तसंच हवं असेल, तर तसंच."

"बरं," ती म्हणाली.

सोमवारी तिनं कलाशाळेला हो कळवलं. स्टेशनवर तो आला होता. तिच्या दाताला कधी काही झालं तर काय करायचं, हे त्यानं गाडी हलेपर्यंत सविस्तर समजावलं. लवंगेचं तेल, कोमट पाणी, गोड कमी. तिनं सगळ्याला "हो" म्हटलं.

दोन वर्षांनी ती परत आली. तिचे जिने आता मोठे झाले होते. आईच्या समाधानासाठी त्यांवर माणसंही चढू लागली होती. हेडबाईंनी प्रदर्शनाला बोलावलं, हजेरी घेतली आणि एका दमात बातम्या दिल्या.

"छप्पर दुरुस्त केलं. आजोबांचा बूट सापडला, माळ्यावर होता. पण आता बसत नाही म्हणे, इतक्या वर्षांत पायच बदलला. आणि आपल्या डॉक्टरांचं लग्न झालं मागच्या हिवाळ्यात. तीही दातांचीच आहे. वाकडे दात सरळ करते."

आजोबांच्या बुटावर ती जरा जास्तच वेळ हसली. हसू थांबवलं असतं तर पुढच्या बातमीवर काहीतरी बोलावं लागलं असतं.

प्रदर्शन संपल्यावर भिंतीचं काम बाईंनी दोघांनाच लावलं. तो आला, तेच तपकिरी बूट घालून. "कशा आहात?" म्हणाला.

"मजेत. तुम्ही?"

'तुम्ही' हा शब्द खोलीत कुणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखा उभा राहिला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

चित्रं उतरली. पुट्टीचा डबा उघडला. एकेक भोक भरत ती कोपऱ्यातल्या भिंतीशी आली आणि थांबली. तिथे दोन जुनी भोकं होती. एक वर, एक खाली. कडा धुळीनं काळ्या झालेल्या.

"ही राहिलीत," ती म्हणाली.

तो डब्यातली पुट्टी ढवळत राहिला. आतल्या खोलीतून हेडबाईच ओरडल्या, "त्याला विचारू नकोस! दोन वर्षं सांगतोय, ती खोल आहेत, घाईनं भरून चालणार नाही. शाळेत असता तर अंगठे धरून उभा केला असता."

ती त्या भोकांकडे बघत राहिली.

"त्या दिवशी तू जवळ गेला होतास," ती म्हणाली. तू. "मी आरशात बघत होते. टाचाही उचलल्या होत्यास. मग... का नाही केलंस सरळ?"

"तूच सांगितलं होतंस."

"मी? कधी?"

"पायरीच्या वेळी. विचारल्याशिवाय माझ्या चित्राला हात लावायचा नाही. पुन्हा कधीच नाही." तो हसल्यासारखं करत म्हणाला, "मी म्हटलं होतं, कळलं."

तिला आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा खाली बसावंसं वाटलं, पण हातात पुट्टी होती.

"अरे, मग विचारायचंस!"

"विचारणारच होतो. पण ते माझेच हात होते. आणि मुद्दाम तिरके. मला वाटलं, तू सांगतेयस... की हे असंच राहू दे, जवळ येऊ नकोस. दाराशी आलो तेव्हा तू 'आणि?' म्हणालीस. मी म्हटलं, तुला तसंच हवं असेल तर. तू म्हणालीस, बरं."

बाहेर पाऊस नव्हता. असता तर निदान त्याच्याबद्दल बोलता आलं असतं.

"तू मला थांबवावंस म्हणून मी ते तिरकं टांगलं होतं," ती म्हणाली.

"हो," तो अगदी हळू म्हणाला. "तुझी गाडी गेल्यावर, इथे येऊन चित्र उतरवताना कळलं ते. तेव्हा हात लावावाच लागला ना."

"मग कळवलं का नाहीस?"

"तू तिथे खूश होतीस. बाई तुझी पत्रं मीटिंगमध्ये वाचून दाखवायच्या."

त्या पत्रांतून आपण किती खूश होतो, हे तिला आठवलं. फार मेहनत घेतली होती तिनं त्यासाठी.

मग तिनं नाक ओढलं, पुट्टी बोटावर घेतली आणि म्हणाली, "टॉर्च धर. भरूया."

"मी करतो..."

"नको. माझ्या चित्राची आहेत. मीच विचारते स्वतःला, आणि मीच हो म्हणते."

त्यानं टॉर्च धरला. वरचं भोक तिनं साफ केलं, फुंकर मारली. आत बराच अंधार होता.

"दुखलं तर डावा हात..." तो सवयीनं म्हणाला.

तळापासून भरत, घाई न करता, तिनं वरचं भोक भरलं. अंगठा फिरवला. मग खालचं घेतलं. ते अर्धं झालं असेल, तेव्हा तिचा डावा हात हळूहळू वर गेला. खांद्यापर्यंत. मग डोक्याच्याही वर.

त्याच्या धंद्यात हात वर झाला की थांबतात. तो थांबला. आरशात दोन जोड बूट भिंतीकडे तोंड करून उभे होते, मधे बऱ्यापैकी अंतर ठेवून.

"झालंच," तो म्हणाला. "अगदी थोडं राहिलंय."

"सगळे डेंटिस्ट असंच म्हणतात," ती म्हणाली आणि हात खाली न घेता, उजव्या अंगठ्यानं उरलेलं भोक भरत राहिली.