सोड म्हणेपर्यंत

२००८ साली आम्ही जांब्यात भाड्यानं राहायला गेलो, कोंडिबाकाकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. मी हिंजवडीत नोकरीला, बायको जुईली दिवसभर घरी. घर नवंकोरं, आणि स्वयंपाकघरात काकांच्या मुलानं हौसेनं बसवलेली महागडी शेगडी. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद! पेटवताना तेवढं बटण थोडा वेळ आत दाबून धरायचं. दाबलेलं असेल तोवर मात्र ज्योत असो-नसो, गॅस येतच राहतो. गॅस साठला की ओरडणारा अलार्मही भिंतीवर होता. मी यंत्रांवर पोट भरणारा माणूस, मला भलताच आनंद झाला. "आता दूध ठेवून खुशाल झोप," असं मी जुईलीला चिडवलंसुद्धा.

पण ती शेगडी जुईलीच्या हाती पेटती राहीना. तिनं बटण सोडलं की ज्योत विझायची. मी पेटवली की नीट चालायची, मेकॅनिकनं पेटवली तरी नीट चालायची. "वहिनी घाई करतात," असं सांगून तो निघून गेला. मग जुईली बटण दाबून धरूनच स्वयंपाक करू लागली. एका हातानं पोळ्या कशा लाटणार? आम्ही भातावर आलो. तिच्या अंगठ्याला घट्टा पडला.

"राहू दे, आपण डबा लावू," मी म्हणालो.

"सोडायचं नाही..."

"असं कोण म्हणालं?"

तिनं अंगठा बटणावर आणखी घट्ट दाबला.

एका शनिवारी दिवेलागणीला मी भाजी घेऊन परतलो, तर जिन्यातच अलार्म ऐकू आला. दार उघडलं आणि वासानं डोकं गरगरलं. जुईली शेगडीपुढे उभी होती. बटण दाबलेलं, ज्योत नाही, नुसता गॅस फुसफुसत होता.

"जुईली, सोड!" मी तिचा हात ओढला. हलेना हो! एवढीशी माझी बायको, आणि मी दोन्ही हातांनी ओढतोय. दिवा लावायची सोय नव्हती, एक ठिणगी पुरली असती. अंधारात चाचपडताना तिच्या अंगठ्यावर मला आणखी एक अंगठा लागला. ओला... कातडी सुटलेला...

मी किंचाळलो. ओट्याखाली वाकून रेग्युलेटर बंद केला, खिडकी ढकलली आणि जुईलीला कमरेला धरून खेचलं. या वेळी ती सुटली.

खाली पायरीवर बसवली तेव्हा तिचा श्वास चालू होता, पण उजवा अंगठा तसाच, काहीतरी दाबत असल्यासारखा. कोंडिबाकाका धावत आले.

"काका, वर कोण आहे?" मी ओरडलोच.

काका जिन्याकडे बघत राहिले. "आमची सून. कल्पना. वास्तुशांतीला दूध उतू घालायचं व्हतं. पर दूध सांडलं की ज्योत इझायची अन् गॅस बंद. आमच्या मालकिणीला त्यो अपशकुन वाटला. सुनेला म्हनली, बटण दाबून धर, म्या सोड म्हनेपतूर सोडू नगं. पुन्यांदा दूध उतू गेलं, ज्योत इझली. पोर दाबून उभीच. शेजारी देवाचा दिवा व्हता..."

त्यांची बायको साळूबाई दारात येऊन उभी होती. जुईलीनं मान वर केली. अमरावतीत वाढलेली माझी बायको तिला म्हणाली,

"आत्याबाई... आता सोडू का?"

सासूला अशी हाक मारणारी त्या घरात एकच होती, हे मला काकांच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी साळूबाईचे पाय धरले. "काकू, एकदा सोड म्हणा. माझी बायको मरेल हो!"

"म्हन की गं," काकाही रडत म्हणाले.

साळूबाई पुढं आली. तिनं जुईलीच्या तोंडावरून हात फिरवला. "न्हाई... सोड म्हनलं तर कल्पना जाईल की ओ." मग तिच्या कानाशी वाकली. "धरून ठेव, बाळा."

"व्हय, आत्याबाई," जुईली म्हणाली आणि उठून जिन्याकडे वळली.

मी तिला मिठीत आवळून धरलं. वर सिलिंडर बंद होता, घरात कुणी नव्हतं. तरी करपलेल्या दुधाचा वास जिन्यावरून खाली येत होता.