एकवाट माळा

"पोरी, माझी भिंत लई तापून राह्यली वं," असं सिंधूकाकूंनी सांगितलं, तेव्हा मृदुलाने बाळाचं दुपटं झटकत म्हटलं होतं, "काकू, नागपूरचा मे महिना आहे. तापणार नाही तर काय गारठणार?"

त्या साली पारा एकोणपन्नासच्या खाली उतरायचं नाव घेत नव्हता. तरी त्यांच्या ओळीतल्या रो-हाऊसमध्ये छपराखालचे माळे गारगार होते. पूर्वी तिथे हिवाळ्यात कूलर कोंबायचे. आता माणसं राहायची, तीही एसीशिवाय. मृदुलाची तान्ही इरा दुपारभर वरच निवांत झोपायची. ही सारी करामत 'एकवाट' अस्तराची. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व जसा हवेला एकाच बाजूने जाऊ देतो, तसं हे अस्तर उष्णतेला वागवायचं. माळ्यातून बाहेर जा. परत यायचं नाही. वीज शून्य, धूर शून्य.

काकू रोज सकाळी इराला तेल लावायला यायच्या. परवा आल्या नाहीत, कालही नाही. मृदुला निघाली ती फणफणतच, निदान सांगायचं तरी! काकूंचं घर ओळीच्या टोकाला, अस्तर न बसवलेलं ते एकटंच. आत काकू जमिनीवर पडलेल्या. अंगाखाली भिजवून अंथरलेली चादर वाळून कडक झालेली. डोळे उघडे, पण ओळख नाही. मृदुला भिंतीला टेकली आणि हात भाजून किंचाळली.

काकूंना अँब्युलन्समध्ये चढवून तिने अस्तराचा शोध लावणाऱ्या डॉ. वैरागड्यांना फोनवर झाडलं. ते आले, तेव्हा ती इराला कडेवर घेऊन काकूंच्या अंगणातच उभी होती.

"आमच्या माळ्यातली उष्णता जाते कुठे हो?"

"उष्णता नाहीशी होत नसते, मॅडम. ती फक्त सरकते. आकाशात सोडावी, तर छपरं सौर पॅनेलनी भरलेली. म्हणून शेजारच्या माळ्यात. तिथलं अस्तर तिला पुढे ढकलतं."

"आणि शेवटी?"

ते चष्मा पुसू लागले.

"तोंडाने बोला ना! अख्ख्या ओळीचं ऊन एका म्हातारीच्या भिंतीत कोंबलंत तुम्ही!"

"त्यांनाही बसवा म्हटलं होतं. त्या नको म्हणाल्या."

"वा! म्हणजे चूक तिचीच?"

"मग तुमचं काढून टाका," ते शांतपणे म्हणाले. "ओळीत तुमच्या अलीकडे असलेल्या सगळ्या घरांची उष्णता तुमच्या माळ्यात थांबेल. बाळ तिथेच झोपतं ना?"

मृदुलाचा इराभोवतीचा हात आपोआप घट्ट झाला, आणि त्या हाताचाही तिला संताप आला.

मग ती दारोदार फिरली. सगळ्यांनी मिळून काढू, म्हणाली. शेजारच्या ढोबळेवहिनींनी कैरीचं पन्हं पुढे केलं. "काकू दवाखान्यात आहेत ना? तिथं एसी आहे. आता कोणाला त्रास आहे, बाप्पा?"

कंपनीने काकूंच्या माळ्याला फुकट अस्तर लावलं, कुलूपबंद दाराला हार घालून फोटोही काढले. प्रश्न मिटला म्हणे. काकू अजून कुणाला ओळखत नाहीत. आणि त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला खेटून पत्र्याच्या खोल्या आहेत.

मृदुला रोज त्या खोल्यांतून चक्कर मारते. भेटेल त्याला सांगते, तसं तुम्हालाही सांगतेय: "तुमचा माळा गार असेल, तर खूश नंतर व्हा. भिंतीपलीकडे कोण राहतं, ते आत्ता जाऊन बघा. हाकेला ओ आली नाही, तर परत फिरू नका. आत जा."