डावीकडचा उजेड

टेबललॅम्प निवडायला मला तीन आठवडे लागले, म्हणून माझा नवरा अलीम मला हसायचा. लग्नाला मुलगी बघताना त्याला एवढा वेळ लागला नव्हता, म्हणायचा.

पण माझं कामच तसं आहे. रांजणगावच्या एका कारखान्यासाठी मी घरी बसून मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग तपासते. स्क्रीनवर चुका निसटतात, म्हणून मोठ्या कागदावर प्रिंट काढून लाल पेनानं तपासते. एक माप चुकलं की हजार नग भंगारात. केंदूरच्या आमच्या घरात मागं कांदा ठेवायची खोली होती, ती अलीमनं मला मोकळी करून दिली. चुना लावला, फरशी बसवली, तरी भिंतीतून कांद्याचा वास यायचाच. खिडकी एकच, तीही हातभर. भरदुपारीसुद्धा टेबलावर अंधारल्यासारखं व्हायचं.

शेवटी शिरूरला विश्वजीतच्या दुकानात मनासारखा दिवा मिळाला. पितळी रंगाची वळणारी मान, हिरवी टोपी, आत एकच बल्ब. जागा अडवत नव्हता, टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळून बसायचा. व्हिडिओ मीटिंगमध्ये माझ्या शेजारी दिसायलाही छान. मी तो डावीकडे लावला. उजव्या हातानं लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, म्हणजे आपल्याच हाताची सावली लिहिण्यावर पडत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कागदाच्या मधोमध एक डाग दिसला. करडा, ताटाएवढा, कडा विरघळलेल्या. मी बल्ब पुसला, टोपी आतून पुसली, डाग तसाच. कागद सरकवला तर तो कागदाबरोबर सरकला नाही, होता तिथंच राहिला.

"बल्बवर माशी बसली आसंल," अलीम जेवताना म्हणाला.

माशी दोन दिवस एका जागी बसत नाही. पाचव्या दिवशी डाग लहान झाला होता आणि त्याला एका बाजूनं चार फाटे फुटले होते. आठव्या दिवशी मी पेन खाली ठेवलं, दोन्ही हात पाठीमागं नेले आणि कागदाकडं बघत राहिले.

कागदावर हाताची सावली होती. बोटं किंचित फाकलेली, अंगठा माझ्या बाजूला.

टेबलावर काही नव्हतं. वर काही नव्हतं. मी दिवा बंद केला, छत बघितलं, भिंतीवरचं कॅलेंडर काढून बाहेर ठेवलं, दिवा लावला. सावली होती. मग मी माझा हात दिव्यासमोर धरला. दोन सावल्या झाल्या. माझी हलली. दुसरी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी दिवा पिशवीत घालून शिरूर गाठलं. विश्वजीतनं तो काउंटरवर लावला, खाली वर्तमानपत्र पसरलं. स्वच्छ उजेड पडला.

"वहिनी, ह्याला तर काय झालं न्हाई."

"तरी बदलून द्या."

त्यानं काही न विचारता दुसरा दिला. काळा, साधा, लांब हाताचा. घरी आल्यावर लावला, कागद पसरला, खुर्चीत बसले. दोन मिनिटं काही नव्हतं. मग पाण्यात शाई उतरावी तशी ती बोटं कागदावर उतरली.

मी फूटपट्टी घेतली. भीती वाटली की मी मोजायला लागते, दुसरं काही येत नाही मला. वस्तू दिव्याजवळ असली की सावली मोठी आणि धूसर पडते. कागदाजवळ आली की लहान आणि रेखीव होते. पहिल्या दिवशी ताटाएवढी होती. आता मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एकवीस सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी वीस. त्याच्या दुसऱ्या दिवशी एकोणीस, आणि नखांची कड वेगळी दिसायला लागलेली.

माझा स्वतःचा हात मी मोजला. सतरा.

म्हणजे तो हात खाली येत होता.

हे मी कुणाला सांगितलं नाही. पण माझ्या सासूबाई, मदिना अम्मी, चहा घेऊन आत आल्या आणि कप ठेवता ठेवता थांबल्या.

"सुफिया, ह्यो कुणाचा हात गं?"

मला रडूच आलं. निदान त्यांना दिसत होतं.

"म्हाईत न्हाई, अम्मी."

त्या वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग मी अडवायच्या आत त्यांनी आपला उजवा तळवा त्या सावलीवर टेकवला. मला वाटलं, सावली हाताखाली झाकली जाईल. झाकली गेली नाही. ती त्यांच्या हातावर, वरून पडली होती. सुरकुत्यांवरून चार काळी बोटं गेलेली.

"गार हाय," त्या म्हणाल्या आणि हात ओढून घेतला.

सकाळी त्यांना भाकरी थापता येईना. उजव्या हाताची चारही बोटं ताठ. शिरूरच्या डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली, फोटो काढले, मानेचाही काढला. सगळं ठीक होतं. "काही जड वस्तू पडली होती का हातावर?" त्यांनी विचारलं. अम्मी माझ्याकडं बघत म्हणाल्या, "न्हाई."

त्या संध्याकाळी मी अलीमला सगळं सांगितलं. तो हसला नाही. खोलीत जाऊन उभा राहिला, दिवा लावून रिकाम्या टेबलाकडं बघत राहिला. त्याला काही दिसलं नाही. मी खुर्चीत बसले, तेव्हा दिसलं. तो मागं सरकून भिंतीला टेकला.

"खोलीतच काय तरी हाय," तो म्हणाला. "तू म्हायेरी जा थोडं दिवस. काम तिथून कर."

राहू गावात माझं माहेर. भोवती ऊस, गुऱ्हाळं, हवेत कायम गुळाचा वास. माझा भाऊ सोहेब याच्या खोलीत टेबल आहे आणि त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला जुना दिवा. मी दोन दिवस दिवा न लावता ओसरीत उजेडाला बसून काम केलं. काहीच नव्हतं. जीव इतका हलका झाला की सोहेबशी मी लहानपणीसारखी भांडलेसुद्धा. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, तीन वाजताच अंधारलं. सोहेबनं आपणहून टेबलावरचा दिवा लावून दिला आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं.

"आपा, पेन तर तुझ्या हातात हाय," तो हळूच म्हणाला. "मग ह्यो दुसरा..."

मी दिवा विझवला. विझवण्याआधी मात्र माप घेतलं होतं.

साडेसतरा.

खोलीत नव्हतं, दिव्यात नव्हतं. केंदूरला परत येताना बसमध्ये मी दोन्ही हात ओढणीखाली घेऊन बसले.

"नोकरी सोड," अलीम म्हणाला.

"सोडली की जाईल?"

अम्मी डाव्या हातानं मटार सोलत होत्या.

मी पुन्हा विश्वजीतकडं गेले. या वेळी सरळ सांगितलं, सावली पडणारच नाही असा दिवा पाहिजे. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि माळ्यावरून एक लांबट खोकं काढलं. घड्याळं दुरुस्त करणारे वापरतात तसला दिवा, टेबलाएवढी रुंद पट्टी आणि दोन्ही बाजूंनी खाली वळलेल्या कडा. चोहोबाजूंनी उजेड. त्याखाली त्यानं हात धरून दाखवला. खाली कागद पांढराच राहिला.

घरी बसवला. पाच मिनिटं श्वास रोखून बसले. दहा मिनिटं. काही उतरलं नाही.

"गेलं बघ," अलीम दारातून म्हणाला. महिन्याभरात पहिल्यांदा त्याचा आवाज मोकळा होता.

अम्मी त्याच्या मागं उभ्या होत्या. ताठ बोटं दुसऱ्या हातात धरून.

"दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "येवढंच."

मी ते ऐकलं नाही असं केलं. अडलेलं काम पुष्कळ होतं. पंधरा दिवस मी रोज बसले, एकही माप चुकलं नाही. साहेबांनी फोन करून शाबासकी दिली. अम्मींची करंगळी थोडी वळायला लागली. मी पुन्हा कामात गाणं गुणगुणायला लागले होते.

काल दुपारी फार उकडत होतं. लाइट गेली होती, ती अडीचला आली. दिवा लागला आणि माझ्या ध्यानात नसलेला पंखाही एकदम पूर्ण वेगानं सुरू झाला. टेबलावरचे सगळे कागद उडाले. काही दारापर्यंत गेले, काही माझ्या पायाशी पडले.

समोरचा एक कागद तेवढा जागचा हलला नाही. त्याच्या चारही कडा फडफडत होत्या. मध्ये मात्र तो टेबलाला चिकटून, सपाट होता.

माझे दोन्ही हात मांडीवर होते.